कपाळावरच्या आठ्या आणि माझं चुकलेलं निदान

"आई, तू प्रत्येक फोटोत चिडलेली का दिसतेस?" लेकीने सहज विचारलं आणि मी दोन दिवस आरशासमोर. कपाळावर तीन आडव्या रेघा, वहीतल्या ओळींसारख्या. मी चिडलेली नव्हते हो! गंमत म्हणजे आपण रागाला "कपाळाला आठ्या घातल्या" म्हणतो, पण रागाच्या रेघा भुवयांच्या मध्ये उभ्या पडतात. आडव्या पडतात त्या भुवया वर गेल्यामुळे. म्हणजे आश्चर्याने, काळजीने किंवा नुसत्या सवयीने.

कपाळात फ्रंटॅलिस नावाचा स्नायू असतो. भुवया उचलणं हेच त्याचं काम. त्याचे धागे उभे असतात, म्हणून तो आखडला की कातडीला घडी आडवी पडते. तरुणपणी चेहरा सैल सोडला की घडी जाते. पुढे कातडीला घट्ट धरून ठेवणारं कोलॅजन नावाचं प्रथिन कमी होतं, उन्हाने आणखी झिजतं (अतिनील किरणांतले यूव्ही-ए खिडकीच्या काचेतूनही आत येतात), आणि घडी मुक्कामाला राहते. सिगारेट ओढणाऱ्यांना हे लवकर भोगावं लागतं.

एवढं वाचून मी क्रीमच्या मागे लागले. सहा महिने. मग एका क्लिनिकमध्ये गेले तर पाच मिनिटांत बोटॉक्सचा (स्नायू ढिला करणाऱ्या इंजेक्शनचा) दिवस ठरला. माझ्या डोळ्यांकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. मी घाबरून पुढे ढकललं, हे नशीब. कारण नंतर चष्म्याचा नंबर तपासायला गेले तेव्हा नेत्रतज्ज्ञ म्हणाल्या, "तुमच्या वरच्या पापण्या जराशा उतरल्यात. नीट दिसावं म्हणून तुम्ही दिवसभर भुवया उचलून धरताय." मी क्रीम चोळत होते आणि माझं कपाळ बिचारं ओझी वाहत होतं!

अशा माणसाच्या कपाळाचा स्नायू बोटॉक्सने ढिला केला तर भुवया खाली येतात, पापण्या आणखी जड वाटतात. म्हणून माझं ठाम मत आहे: सुई, क्रीम काहीही करण्याआधी आपण भुवया का उचलतो ते शोधा. घरी करून बघा. डोळे मिटा, कपाळ सैल सोडा, भुवया तळहाताने तिथेच दाबून धरा आणि डोळे उघडा. वरचा भाग झाकल्यासारखा वाटला तर आधी डोळ्यांचे डॉक्टर. पापणी अचानक उतरली असेल, एकाच बाजूची असेल किंवा एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, तर थांबूच नका.

बोटॉक्सला माझा विरोध नाही, गैरसमज नको. नसेकडून स्नायूला जाणारा आखडण्याचा संदेश ते काही काळ अडवतं. फरक काही दिवसांत दिसू लागतो, पूर्ण परिणामाला साधारण दोन आठवडे लागतात आणि तीन-चार महिन्यांत तो ओसरतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, भुवयांमधल्या उभ्या रेघांसाठी ते 2002 मध्येच मान्य केलं, कपाळाच्या आडव्या रेघांसाठी मात्र 2017 उजाडलं. कपाळात फिलर (रेघ भरून काढायला कातडीखाली टोचतात ते जेल) भरून घेताना मात्र दहादा विचार करा. तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तपुरवठ्याशी जोडलेल्या असतात. फिलर चुकून त्यांत गेलं तर, क्वचित का होईना, दृष्टी जाऊ शकते.

क्रीममध्ये दम आहे तो ट्रेटिनॉइनसारख्या रेटिनॉइडमध्ये, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातल्या औषधात. तेही रात्री, वाटाण्याएवढं, डॉक्टरांना विचारून. सुरुवातीला कातडी लाल होते, सोलते, आणि फरक दिसायला महिने जातात. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ते नकोच. दिवसा एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. खोल रुतलेली रेघ याने पुसली जात नाही, थोडी फिकी होते.

आणि ते "भुवया वीस वेळा वर-खाली करा"वाले व्हिडिओ? ज्या हालचालीने घडी पडते तीच मोजून वीस वेळा करायची! मला हे तर्कशास्त्र झेपत नाही.

माझ्या पापण्यांचं ऑपरेशन करायचं की नाही ते ठरायचंय. सध्या नवा चष्मा आहे, कॉम्प्युटरचा स्क्रीन खाली घेतलाय आणि लेकीला काम दिलंय, माझ्या भुवया वर गेल्या की टोकायचं. ती ते जरा जास्तच मन लावून करते.