गाणं त्याचं, बँड त्यांचा

परवा इथल्या ग्रोसरीत कांदे निवडत होतो आणि वर स्पीकरवर 'हे जेलसी' (Hey Jealousy) लागलं. अमेरिकेत राहणाऱ्यांनी हे गाणं हजारदा ऐकलेलं असतं, नाव माहीत नसलं तरी, कारण नव्वदीतली गाणी इथे दुकानात, डेंटिस्टकडे, पेट्रोल पंपावर सतत चालूच असतात. शेजारची बाई ट्रॉलीवर ठेका धरून गुणगुणायला लागली. मला मात्र हे गाणं लागलं की आवडतं पण आणि चीड पण येते, आणि का ते बायकोला सांगून सांगून ती कंटाळलीय, म्हणून आता तुम्ही ऐका.

बँडचं नाव जिन ब्लॉसम्स, गाव टेम्पी, ॲरिझोना. फिनिक्सला चिकटून असलेलं युनिव्हर्सिटीचं गाव, माझं एमएस तिथलंच. उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्री, रात्री अकरा वाजता पण झळा लागतात, आणि सगळं पोरांचं जग मिल ॲव्हेन्यू नावाच्या एका रस्त्यावर. तिथे लाँग वाँग्ज नावाचा एक छोटा बार होता, चिकन विंग्ज आणि बँड यासाठी फेमस. मी पोचलो तोपर्यंत तो पाडून झाला होता. पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी याच पट्ट्यातून हा बँड वर आला.

डग हॉपकिन्स गिटारवर आणि बिल लीन बेसवर, दोघं टेम्पीतलेच जुने मित्र, त्यांनी १९८७ साली हा बँड काढला. मग जेसी व्हॅलेन्झुएला आला, रॉबिन विल्सन आला, ड्रम्सवर फिलिप ऱ्होड्स. गंमत म्हणजे रॉबिनला गिटार वाजवायला घेतलं होतं आणि गात होता जेसी, नंतर दोघांनी जागा बदलल्या. आज त्या आवाजाशिवाय हा बँड डोळ्यासमोरच येत नाही! आणि नाव? दारू पिऊन पिऊन नाकावर जी लाली चढते ना, तिला इंग्रजीत जिन ब्लॉसम्स म्हणतात. डब्ल्यू. सी. फील्ड्स या जुन्या विनोदी नटाच्या फोटोखाली हे शब्द छापलेले होते, तिथून उचललं. तेव्हा सगळे हसले असणार.

१९८९ मध्ये एका लोकल लेबलवर 'डस्टेड' नावाचा अल्बम आला. 'हे जेलसी' आणि 'फाउंड आउट अबाउट यू' ही दोन्ही गाणी त्यातच आहेत, म्हणजे ज्यांच्यावर हा बँड पुढे तीस वर्षं जगला ती दोन्ही गाणी मोठी कंपनी यायच्या आधीच तयार होती. दोन्ही डगची. त्याची खासियत काय तर गिटार अशी लख्ख, उन्हात गाडीच्या काचा खाली करून ऐकावी अशी, आणि शब्द बघायला गेलात तर माणूस पार मोडलेला. 'हे जेलसी'त तो जुन्या मैत्रिणीच्या दारात रात्री पिऊन उभा आहे आणि झोपायला जागा मागतोय. लोक याला पार्टी साँग म्हणतात, काय बोलायचं!

मग ए अँड एम रेकॉर्ड्स या मोठ्या कंपनीनी साइन केलं आणि मोठा अल्बम रेकॉर्ड करायला बँड मेम्फिसला गेला, आर्डेंट स्टुडिओत, प्रोड्युसर जॉन हॅम्प्टन. आणि तिथे डगचं पिणं हाताबाहेर गेलं. वाजवायला धड उभं राहता येईना. शेवटी त्याला ॲरिझोनाला परत पाठवून दिला आणि बँडमधून काढला, जागेवर स्कॉट जॉन्सन आला. 'हे जेलसी'त मूळ ओळ अशी होती की मी पिणार नाही यावर विश्वास ठेव, रॉबिननी ती गाताना बदलून मी विचार करणार नाही अशी केली. इंग्रजीत 'ड्रिंक' आणि 'थिंक' या दोन्ही शब्दांचं यमक जुळतं, त्यामुळे कळतही नाही. मला कळलं त्या दिवसापासून ते गाणं मला सरळ ऐकताच येत नाही.

आता इथे लोक दोन पार्ट्या करतात. एका पार्टीचं म्हणणं, बँड हरामखोर, ज्यानी उभं केलं त्यालाच हाकलला. मी पण बरीच वर्षं याच पार्टीत होतो. पण घरात पिणारा माणूस ज्यांनी सांभाळलाय त्यांना विचारा, ते एवढ्या पटकन बोट दाखवणार नाहीत. काढला यात मला आता फार मोठं पाप वाटत नाही.

मला राग आहे तो पैशाचा. डगचे पंधरा हजार डॉलर देणं लागत होतं, ते अडवून धरले आणि त्या बदल्यात त्याच्याकडून गाण्यांच्या पब्लिशिंगचा, म्हणजे गाणं लिहिणाऱ्याला मिळणाऱ्या पैशाचा, अर्धा हक्क सोडवून घेतला. रेकॉर्डच्या विक्रीवरची त्याची रॉयल्टीही नव्या गिटारिस्टकडे गेली. त्याच्या खिशात तेव्हा दमडी नव्हती, केली सही. आणि इथली एक गोष्ट आपल्याकडे माहीत नसते, अमेरिकेत एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्याला मिळतात, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला मिळत नाहीत. म्हणजे गाणं रेडिओवर हिट होणं हेच ज्याचं उत्पन्न, त्याच्याकडूनच ते हिट व्हायच्या जरा आधी अर्धं काढून घेतलं. पिणारा माणूस नको हे समजू शकतो, पण मग त्याची गाणी पण नकोत ना? ती मात्र हवी होती!

'न्यू मिझरेबल एक्सपीरियन्स' १९९२ च्या ऑगस्टमध्ये आला, आधी फारसं कुणी विचारलं नाही, आणि १९९३ मध्ये 'हे जेलसी' रेडिओवर धरलं. बिलबोर्डवर, म्हणजे इथल्या हिट गाण्यांच्या यादीत, २५ व्या नंबरापर्यंत गेलं. पुढे 'फाउंड आउट अबाउट यू' पण बरोब्बर २५ वरच. अल्बमच्या अमेरिकेत चाळीस लाखांवर कॉप्या गेल्या. डग टेम्पीत बसून स्वतःची गाणी दुसऱ्याच्या गिटारवर ऐकत होता. आयुष्यभर त्याला गोल्ड रेकॉर्ड (भरपूर खप झाला की मिळणारी मानाची सोनेरी तबकडी) हवी होती, ती मिळाली, त्यानी भिंतीवर लावली, आणि थोड्या दिवसांत काढून फोडून टाकली. ५ डिसेंबर १९९३ ला त्यानी स्वतःचं आयुष्य संपवलं. ३२ वर्षांचा होता.

पुढच्या अल्बमचं नाव त्यांनी ठेवलं 'काँग्रॅच्युलेशन्स आय एम सॉरी', कारण भेटणारा प्रत्येक माणूस ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणायचा. १९९६ चा तो अल्बम दहा लाखांवर गेला, 'फॉलो यू डाउन' तर थेट ९ नंबरवर, म्हणजे डगच्या दोन्ही गाण्यांपेक्षा वर. हे प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे, नाहीतर पोस्ट एकतर्फी होईल. ते गाणं चांगलंच आहे. पण त्यात कुणी दारात उभं नाही. १९९७ मध्ये बँड फुटला, २००२ च्या सुमारास परत जमला आणि अजून जत्रेत, कसिनोत, कुठे नव्वदीच्या पॅकेज टूरमध्ये वाजवतो. २०१८ चा 'मिक्स्ड रिॲलिटी' मी ऐकला, बरा आहे, दोनदा ऐकला.

मी त्यांना एकदा लाइव्ह पाहिलंय. शेवटी 'हे जेलसी' झालंच, सगळं पब्लिक उभं राहून गात होतं, मी त्या एका ओळीला जुना शब्द म्हटला, मुद्दाम, मोठ्यांदा. शेजारच्याला वाटलं या देशी माणसाला लिरिक्स येत नाहीत. त्यानी प्रेमानी मला करेक्ट केलं 😄

असो. ऐकायचं असेल तर हिट गाणी सुटी ऐकू नका, 'न्यू मिझरेबल एक्सपीरियन्स' पहिल्यापासून लावा. पहिलं 'लॉस्ट होरायझन्स' डगचं, अकरावं 'पीसेस ऑफ द नाइट' पण त्याचंच. ते अकरावं रात्री ऐका, एकट्यानी. बारावं गाणं म्हणजे नुसती कंट्री टाइप मस्करी आहे, तिथे बंद केलंत तरी चालेल.