रिकाम्या खुर्च्यांचे फोटो टाकणाऱ्यांनो, जरा ऐका

काल परत तेच झालं. मंगळवारची रात्र, बाहेर उणे अठ्ठावीस, कामावरून येऊन गाडी (इंजिन गोठू नये म्हणून) प्लगला लावली आणि घरात शिरून बूट काढतोय तोवर ग्रुपवर टोरंटोच्या एका मित्राने टीव्हीचा फोटो टाकलेला. विनिपेग जेट्स या आमच्या आइस हॉकी टीमची मॅच चालू, वरच्या मजल्यावरच्या चार-पाच रांगा रिकाम्या, आणि खाली लिहिलंय, तुमची टीम चालली क्यूबेकला, तुमच्या गावाची लायकीच नाही. त्यावर धडाधड हसणारे इमोजी. माझं डोकंच फिरलं. बायको म्हणाली जेवून घे आधी, पण घास उतरेना. हे दर सीझनला चालतं आणि दर वेळी मी गप्प बसतो, आज नाही बसणार.

आधी हे लक्षात घ्या की कॅनडातलं हे विनिपेग केवढं गाव आहे. २०२१ च्या जनगणनेत शहरात साडेसात लाखांच्या आत माणसं, आजूबाजूचं सगळं धरलं तरी साडेआठ लाखांच्या आत. आपल्याकडे सोलापूर एवढं असेल. एवढ्या गावाने नॅशनल हॉकी लीगची, म्हणजे कॅनडा-अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या हॉकी लीगची टीम चालवायची, ४१ होम मॅच, ऑक्टोबर ते एप्रिल, त्यातल्या निम्म्या तरी आठवड्याच्या मधल्या रात्री, दुसऱ्या दिवशी पोरांची शाळा, आपली शिफ्ट, आणि थंडी अशी की पार्किंगपासून दारापर्यंत चालताना पापण्यांवर बर्फ धरतो. तरी दहा-बारा-चौदा हजार माणसं जातात. ज्या गावात लोकसंख्या याच्या सात-आठ पट आहे तिथल्या माणसाने आम्हाला लायकी सांगायची?

मी २०११ ला इथे आलो, त्याच वर्षी पंधरा वर्षांनी गावाला परत टीम मिळाली. तेव्हाचं गाव मी डोळ्यांनी पाहिलंय. अटलांटाची टीम इथे आणायची तर लीगला पटवायला १३,००० सीझन तिकिटं (म्हणजे सीझनभरच्या होम मॅचेसची एकत्र तिकिटं) विकून दाखवायची होती. टीमचं नावसुद्धा ठरलेलं नव्हतं, तरी लोकांनी तीन-तीन, पाच-पाच वर्षांचे करार केले, आणि सर्वांसाठी विक्री खुली झाली त्या दिवशी उरलेली तिकिटं १७ मिनिटांत संपली. १७ मिनिटं! वर ८,००० लोकांची वेटिंग लिस्ट, तीही बंद करावी लागली. हे सगळं कोणी केलं? ट्रक चालवणाऱ्यांनी, नर्सेसनी, शाळेतल्या मास्तरांनी. टोरंटोसारख्या बँका आणि लॉ फर्म इथे नाहीत की ज्यांच्या नावावर दोन-दोनशे खुर्च्या असतील. इथे बहुतेक तिकिटं घरातल्या पगारातून निघतात. हे कोणी बोलतच नाही आणि माझा सगळा राग तिथेच आहे.

माझंच उदाहरण सांगतो. कामावरच्या एकाला त्या २०११ च्या विक्रीत दोन खुर्च्या मिळाल्या होत्या. एकट्याला परवडणार नाहीत म्हणून आम्ही चार घरांनी वाटून घेतल्या, प्रत्येकाला दहा मॅच. आठ-नऊ वर्षं मस्त चाललं. कोण कुठली मॅच घेणार यावर ऑगस्टमध्ये एकाच्या अंगणात बसून चिठ्ठ्या टाकायचो, मॉन्ट्रियल आणि टोरंटोच्या मॅचसाठी पोरं भांडायची. मग कोविड आला. २०२०-२१ चा सीझन रिकाम्या रिंकमध्ये गेला. त्यानंतर चौघांतला एक कॅल्गरीला गेला, दुसऱ्याचं मॉर्गेज नव्या व्याजदराने रिन्यू झालं आणि त्याने हात जोडले, म्हणाला बाबा रे जमत नाही. राहिलो दोघं. म्हणजे खर्च सरळ दुप्पट, आणि वीस-वीस रात्री काढायच्या कशा? विकायला टाकलं तर मंगळवारच्या मॅचचे अर्धे पैसेसुद्धा येत नाहीत. मागच्या वर्षी शेवटी आम्ही पूर्ण सीझन सोडून अर्धा घेतला. गावात कोणालाही विचारा, अशीच गोष्ट ऐकायला मिळेल. सीझन तिकिटं १३,००० वरून साडेनऊ हजारांवर आली ना, ती अशी आली, एकेक घर करत. त्या साडेतीन हजार खुर्च्यांत कोणाचं प्रेम आटलं नव्हतं रे, पैसे आटले होते.

आणि यावर मालकांनी काय केलं? फेब्रुवारी २०२४ मध्ये, टीम जोरात खेळत असताना, टीमचे सहमालक मार्क चिपमन यांनी पेपरवाल्यांना सांगितलं की आपल्याला परत १३,००० वर जायला हवं, आत्ता आहे ते दीर्घकाळ चालणार नाही. माणसाबद्दल मला आदर आहे, टीम परत आली ती त्यांच्यामुळे, हे मी पोरांनाही सांगतो. पण हे वाक्य ऐकून इथल्या म्हाताऱ्या लोकांच्या पोटात काय झालं असेल? या गावाची जुनी टीम १९९६ मध्ये अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फीनिक्सला गेलेली आहे. माझ्या शेजारच्या आजोबांनी ते पाहिलंय. आदल्या वर्षी टीम वाचवायला गावातल्या द फोर्क्स या मोकळ्या जागेवर हजारो माणसं जमली, लहान पोरांनी गल्ले फोडून पैसे दिले, आणि तरी टीम गेली. आजोबा अजून तो विषय निघाला की बोलायचं थांबतात. अशा गावाला वरचेवर १९९६ ची आठवण करून द्यायची, तिकिटं घ्या नाहीतर बघा, हे घरातल्या माणसांना धमकावण्यासारखं आहे. टीमची मालक कंपनी ट्रू नॉर्थ, तिच्यात चिपमन यांचे भागीदार डेव्हिड थॉमसन आहेत, देशातल्या सगळ्यात श्रीमंत घराण्यातले. आणि टीम टिकवायची जबाबदारी कोणाच्या डोक्यावर? माझ्या आणि त्या कॅल्गरीला गेलेल्या पोराच्या!

पैशाचं बोलताय ना, मग पूर्ण बोलू. २०११ ला ही टीम १७ कोटी डॉलरला पडली, त्यात लीगची ६ कोटींची रिलोकेशन फीसुद्धा (टीम दुसऱ्या गावी हलवायची फी) आली. २०२३ मध्ये ऑटावाची टीम ९५ कोटी अमेरिकन डॉलरला विकली गेली. आणि ती ॲरिझोनाची टीम, म्हणजे आमचीच जुनी १९९६ ला गेलेली टीम, तिचं तर ऐकाच. २००९ मध्ये दिवाळखोरीत निघाली, लीगने स्वतः विकत घेऊन चार वर्षं पोसली, टीम जिथे खेळायची त्या ग्लेंडेल शहराने वर्षाला अडीच कोटी डॉलर असे दोन वर्षं लीगला दिले, आणि शेवटी दोन सीझन ती युनिव्हर्सिटीच्या रिंकमध्ये साधारण ४,६०० लोकांसमोर खेळली. ४,६००! आमच्याकडे सगळ्यात वाईट रात्री याच्या दुप्पट माणसं असतात. तरी २०२४ मध्ये तिच्यासाठी १२० कोटी डॉलर मोजून ती युटाला नेली. म्हणजे वाळवंटातल्या टीमला लीग पंधरा वर्षं जीव लावून धरून ठेवते, आणि विनिपेगमध्ये वरच्या पाच रांगा रिकाम्या दिसल्या की लगेच बॅगा भरायची भाषा. हा कुठला न्याय?

आणि त्या ४१ मॅचेसच्या मागे मोठं दुखणं वेगळंच आहे, ते मॅच बघणाऱ्या माणसाच्या हातात नाही. खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये, आमचं तिकीट कॅनेडियन डॉलरमध्ये. २०२५-२६ चा सॅलरी कॅप, म्हणजे एका टीमने खेळाडूंच्या पगारावर जास्तीत जास्त किती खर्च करायचा ती मर्यादा, साडेनऊ कोटी अमेरिकन डॉलर, म्हणजे आमच्या डॉलरात तेरा कोटींच्या वर, आणि पुढच्या वर्षी अजून वाढणार. नव्वदच्या दशकात क्यूबेक आणि विनिपेग दोन्ही याच गाळात बुडाल्या. क्यूबेकची टीम १९९५ ला कोलोरॅडोला गेली आणि पुढच्याच वर्षी तिथे स्टॅनली कप, म्हणजे लीगचा किताब, जिंकली, क्यूबेकच्या लोकांना काय वाटलं असेल विचार करा. २००२ च्या सुरुवातीला तर आमचा डॉलर ६२ सेंटपर्यंत घसरला होता. त्या काळात कॅनडातल्या टीम्स तगल्याच कशा याचं मला नवल वाटतं. २००४-०५ चा अख्खा सीझन लॉकआउटमध्ये (मालकांनी खेळच बंद ठेवला) गेला आणि मग कॅप आला, म्हणून आमच्यासारख्या छोट्या गावाचा नंबर तरी लागला. डॉलर घसरला तर माझ्या पगारात वाढ होत नाही, पण तिकीट मलाच वाढवून द्यायचं.

बरं, क्यूबेकचं नाव घेऊन आम्हाला घाबरवणाऱ्यांनी क्यूबेकवाल्यांचे हाल तरी बघावेत. २०१५ ला ३७ कोटी डॉलरची रिंक बांधली, सरकारी पैशातून, १८,००० च्या वर खुर्च्या, आणि आजपर्यंत टीम नाही. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने लॉस एंजेलिसच्या टीमच्या दोन सराव मॅचेससाठी ५० ते ७० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, तेही शिक्षक संपावर असताना. लोक किती भडकले होते! त्या माणसांचीही टीम हिसकावली गेलीय. त्यांना आमच्यासमोर उभं करायचं आणि आम्हाला त्यांच्यासमोर, आणि वरचे लोक त्यात भाव वाढवून घेणार.

हे दोष फॅन्सवर ढकलायचं काम हॉकीतच चालतं असंही नाही. मॉन्ट्रियल एक्स्पोज आठवा, बेसबॉलची टीम. १९९४ मध्ये ७४ विजय ४० पराभव, सगळ्या लीगमध्ये पहिला नंबर, आणि ऑगस्टमध्ये संप होऊन सीझनच संपला. पुढच्या वर्षी पैसे नाहीत म्हणून चांगले खेळाडू सोडून दिले, विकून टाकले. मग लोक यायचे कमी झाले तर म्हणे मॉन्ट्रियलला बेसबॉल कळत नाही! दहा वर्षं टीम अशी सुकवली आणि २००४ मध्ये वॉशिंग्टनला नेली. शेवटच्या होम मॅचला ३१,३९५ लोक आले होते, निरोप द्यायला. ऑटावाचंही तसंच. रिंक बांधली कनाटाला, शहराच्या मध्यापासून पंचवीसेक किलोमीटर लांब, आठवड्याच्या मधल्या रात्री हायवेवर तास काढून जायचं, आणि नाही गेलात तर तुम्ही वाईट फॅन.

आता टोरंटोवाल्या मित्रा, तुझ्याकडे येतो. तुमचं स्टेडियम फुल असतं, मान्य. १९६७ पासून कप नाही, तरी फुल. पण दुसरा पिरियड सुरू झाला तरी खालच्या महागड्या रांगा अर्ध्या रिकाम्या, तिकीट कंपनीने घेतलंय आणि साहेब अजून आत जेवतायत, हे मीही टीव्हीवर बघतो. ती खुर्ची विकली गेली म्हणून हिशोबात भरलेली. आणि जो खरा फॅन आहे, टोरंटोशेजारच्या ब्रॅम्प्टनमध्ये वेअरहाऊसमध्ये राबणारा, तो पोराला घेऊन वर्षात एकदा तरी जाऊ शकतो का? तूच मागे म्हणाला होतास की रीसेलवर चौघांची तिकिटं बघून लॅपटॉप बंद केला. २०१७ मध्ये तुमच्या ओंटारिओ प्रांताने रीसेलवर, मूळ दराच्या वर ५० टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाहीत, अशी मर्यादा आणायचा कायदा केला होता, पुढच्या सरकारने ती लागू व्हायच्या आधीच थांबवली आणि नंतर रद्द केली. त्याबद्दल ग्रुपवर एक मेसेज तरी टाकलास का कधी? तू आणि मी एकाच बाजूला आहोत रे, आणि तू फोटो आमचे काढतोस.

आमच्याकडे लोक खेळावर प्रेम करत नाहीत असं ज्याला वाटतं त्याने उन्हाळ्यात इथे यावं. गावाच्या ब्लू बॉम्बर्स टीमच्या (कॅनेडियन) फुटबॉल मॅचला तीस हजारांच्या वर माणसं असतात, हेच गाव, हीच माणसं. सीझनमध्ये मोजक्या होम मॅच, तिकीट आवाक्यात, आणि टीम कोणा शेठची नाही, गावाची. फरक डोळ्यासमोर आहे.

आणि ४ मे २०२५ ची रात्र आठवा. सेंट लुईसविरुद्ध प्लेऑफची (बाद फेरीची) निर्णायक सातवी मॅच, आपण १-३ ने मागे, शेवटची दोन मिनिटं. मी वरच्या मजल्यावर होतो, पोरगी शेजारी, सगळं रिंक पांढऱ्या कपड्यांत. एक माणूस उठून गेला नाही हो. एक गोल झाला, आणि मग दोन सेकंदांहून कमी वेळ उरला असताना पर्फेटीने बरोबरी केली. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये लाउरीने मॅच काढली तेव्हा पुढच्या रांगेतला अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडत होता. पोरगीचा घसा दोन दिवस बसला. त्या रात्रीचा फोटो कोणी टाकला नाही ग्रुपवर.

मालकांना खरंच १३,००० हवे असतील तर धमक्या बंद करा आणि मंगळवार-बुधवारच्या वरच्या रांगा पोरांना द्या. शाळांना द्या, कम्युनिटी क्लबांना द्या, नव्याने आलेल्या लोकांना द्या. आमच्या मंडळात गेल्या तीन वर्षांत आलेली किती घरं आहेत, त्यांनी रिंकमध्ये पाऊलही टाकलेलं नाही, कारण पहिल्यांदा जायचं तर तिकीट, पार्किंग, पोरांचं खाणं धरून दोन आठवड्यांचा किराणा जातो. त्यांची पोरं शाळेत जेट्सची टोपी घालून जातात. टोपी आहे, मॅच पाहिलेली नाही. ही पोरं दहा वर्षांनी तिकीट घेतील का नाही हे आत्ता ठरतंय, आणि इथे तिकीट महाग करून वर दमदाटी चाललीय.

परत मंगळवारी फोटो टाकशील तर बाहेरचं तापमानही टाक, तिकिटाचा दरही टाक, आणि त्या रात्री आलेल्या बारा हजार लोकांचाही एक टाक.