टँकचं डॅमेज वाढवून टँक मिळणार नाहीत

एक मेसेज सगळीकडं फिरतोय, आमच्या सोलापूरच्या ग्रुपवर तर तिघांनी टाकला. म्हणे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये टँक, म्हणजे पुढं उभं राहून सगळ्यांच्या वाटचा मार खाणारा खेळाडू, मिळत नाही कारण टँक कमजोर ठेवलाय, त्याचं डॅमेज डीपीएसच्या, म्हणजे नुसतं मारायचं काम असलेल्याच्या, बरोबरीला आणा, हेल्थ डबल करा, टँक करणारे सगळे क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, सारखे करा, मग बघा कशी लाईन लागते. मी २०१९ ला क्लासिक, म्हणजे गेमची जुनी आवृत्ती, परत आलं तेव्हापासून टँकच खेळतोय, म्हणून हे वाचून गप बसवत नाही.

पहिलं डॅमेज. भावांनो, हे करून झालंय. २०१० ला आलेल्या कॅटॅक्लिझम या गेमच्या पुढच्या भागात व्हेंजन्स आणलं, टँक जेवढा मार खाईल तेवढी त्याची अटॅक पॉवर वाढणार. मग लोक मुद्दाम जास्त मार खायला लागले, दोघा टँकनी वाटून घ्यायचा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, एकटाच धरून ठेवायला लागला कारण डॅमेज मोजणाऱ्या मीटरवर नाव वर येतंय, आणि हीलरचे, म्हणजे बाकीच्यांची हेल्थ भरून देणाऱ्याचे, हाल. शेवटी २०१४ ला ते काढलं आणि त्याजागी रिझॉल्व्ह आणलं, त्यानं फक्त स्वतःवरचं हीलिंग आणि शील्ड वाढायचं.

हेल्थ डबल करा, हे तर हीलर न खेळलेला माणूसच म्हणू शकतो. हिशोब बघा. एका टँकची हेल्थ २० हजार आणि आर्मर ७५ टक्के मार अडवतं, दुसऱ्याची ४० हजार पण आर्मर ५० टक्केच अडवतं. दोघंपण बॉसचा ८० हजारांचा मार खाऊनच मरणार, कागदावर बरोबरी. पण बॉसनं ४० हजारांचा मार दिला तर पहिल्याचे १० हजार जातात, दुसऱ्याचे २० हजार, म्हणजे हीलरनं दुप्पट भरायचं, दुप्पट माना, म्हणजे मंत्र टाकायची ऊर्जा, घालवायचा. हेल्थ फुगवली की ओझं टँकवरनं उचलून हीलरच्या डोक्यावर जातं. आणि सरासरी बघून तर बॅलन्स ठरवूच नका. ५० टक्के डॉज, म्हणजे निम्मे फटके चुकवायची क्षमता, असलेला टँक सरासरीत भारी दिसतो, पण लागोपाठ ३ फटके बसायची शक्यता ८ मध्ये १ आहे, बॉस दर २ सेकंदाला मारत असंल तर ५ मिनिटांत १५० फटके होतात, म्हणजे ते ३ फटके बसणारच, आणि टँक मरतो तो त्यातच.

सगळे सारखे करा, यातलं अर्धं मला पटतं. २००४ च्या मूळ गेममध्ये पॅलाडिन या क्लासला टाँटच, म्हणजे शत्रूला आपल्याकडं ओढायची युक्तीच, नव्हती, ते चूकच होतं. एवढी हत्यारं सगळ्यांना पाहिजेतच. बाकी अस्वल होऊन टँक करणारा ड्रुइड वेगळा आणि वॉरियर वेगळा वाटलाच पाहिजे.

आता टँक मिळत का नाहीत? डंजनमध्ये, म्हणजे छोट्या मोहिमेत, ५ जणांत १ टँक लागतो, पण २० जणांच्या मिथिक रेडमध्ये, म्हणजे सगळ्यात अवघड मोठ्या मोहिमेत, लागतात २च. ज्याला रेड करायचीय तो कशाला टँकवर मेहनत घेईल? २०११ पासून कमी पडणाऱ्या रोलला ग्रुप जुळवायच्या क्यूमध्ये जादा बक्षिसाची पिशवी देतायत, तरी तुटवडा हाय तसाच. कारण जबाबदारी. उन्हाळ्यात आमच्याकडं लाईट गेली आणि डीपीएसवाला गेला तर फाईट लांबते, मी गेलो तर पाचही जण झोपतात. रस्ता टँकनं माहीत ठेवायचा, वेग टँकनं ठरवायचा, चुकलं की शिव्या टँकला. साखर पेठेतला आमचा एक दोस्त, यंत्रमागावरची शिफ्ट करून रात्री खेळायचा, हौसेनं टँक बनवला त्यानं, गिअर पण चांगलं होतं, तिसऱ्या दिवशी एका वळणावर चुकला तर अनोळखी लोकांनी असं काय काय बोललं की पोरगं दोन महिने गेममध्ये फिरकलं नाही. त्याला कुठलं डॅमेज कमी पडलं होतं बे?

परत आला तो आमच्या पाच जणांत खेळायला म्हणून. मी डीपीएसवर गेलो, व्हॉईसवर रस्ता सांगतो, टँक तो करतो.