‘बायांना काय समजतं’ म्हणणाऱ्या डॉक्टरसाहेबांना

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या वर्षानुवर्षं चालणाऱ्या अभ्यासांवर मी लेख लिहिला, त्यावर तुमची प्रतिक्रिया: “पुण्यात बसून खेड्यातल्या संशोधनावर बोलणं सोपं. गावातल्या बायांना चार पानी संमतीपत्रातलं काय समजतं? सरपंचाची परवानगी असते, एकदा अंगठा घेतला की झालं. तुमच्यासारख्यांमुळे उद्या कोणी रक्तच देणार नाही.”

माझ्या लेखाच्या शीर्षकातला ‘गिनीपिग’ भडक होता, कबूल. पण तुमचा सूर ओपीडीत पेशंटवर खेकसण्याचा आहे. मी तुमचा पेशंट नाही.

आणि पुण्याचं म्हणाल तर मी आर्वी तालुक्यातला. माय अंगणवाडीत मदतनीस. रक्त घेणारी गाडी आली की बाया गोळा करायचं काम तिच्याकडे, शाईचं पॅड माझ्याकडे. वेचणी सोडून आलेल्या बाया, बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे. तो अंगठा धरून मी कागदावर टेकवायचो. एकीनं विचारलं, “काहून घेऊन राहिले जी रक्त?” गाडीवाला म्हणाला, “फुकट तपासणी आहे मावशी, चला लवकर.” गाडी पुढंही येत राहिली. रिपोर्ट काही आला नाही. समजत नाही म्हणता? त्याच बाया बचत गटाचं व्याज तोंडी सांगत. त्यांना सांगितलंच नाही, हे म्हणा की!

अंगठा घेणाऱ्याजवळ संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. पॅड धरणारं पोरगं चालत नाही.

आता तुमचं ‘एकदा’. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की अभ्यासात नवी महत्त्वाची माहिती पुढं आली किंवा त्यातलं मूल सज्ञान झालं, तर संमती पुन्हा घ्यायची. सहाव्या वर्षी जिचं रक्त घेतलं ती पोरगी आज अठराची आहे, घरात सोयरिकीच्या गोष्टी चालल्यात. तिचा ‘एएस’, म्हणजे सिकलसेलची वाहक असल्याचा, रिपोर्ट कोणी बघायचा, नमुना पुढं कशासाठी वापरायचा, हे ती ठरवेल की बापाचा बारा वर्षांपूर्वीचा अंगठा? अलाबामात टस्कीगी इथं १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेले काळे शेतमजूर तपासणीला येतच होते. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही त्यांना ते दिलं नाही, आजाराचं खरं नावही सांगितलं नाही. माणसं येत राहतात साहेब, म्हणून त्यांचा होकार असतो असं नाही.

‘रक्तच देणार नाही’ वगैरेला उत्तर देत बसत नाही. सरपंचाचं तेवढं सांगतो: गावाची परवानगी असली तरी ज्याची-त्याची संमती वेगळी लागतेच. तेही आयसीएमआरच्या त्याच पुस्तिकेत आहे. हवी तर पीडीएफ पाठवतो. चार पानांपेक्षा बरीच मोठी आहे, पण तुम्हाला समजेल.