डावऱ्या हातातली पेन्सिल काढून घेऊ नका

पहिलीतल्या मुलाच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायची, याला आपल्याकडे अजूनही 'वळण लावणं' म्हणतात. मला याचा मनापासून राग येतो. भाचीच्या वहीवर शेरा आला, 'उजव्या हाताने सराव घ्यावा.' घरातल्या मोठ्यांनीही 'बरोबरच आहे बाईंचं' म्हणून माना डोलावल्या. पोर रात्री उजव्या हाताने 'क' गिरवत बसली होती. रेघ थरथरत होती, आणि डावा हात तिने मांडीखाली दाबून ठेवला होता.

अहो, ही खोड नाही. डाव्या हाताची सूत्रं मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाकडे असतात, उजव्या हाताची डाव्याकडे. पोटातलं बाळ अंगठा चोखतं तेव्हाच हा कल दिसू लागतो. दहांतला साधारण एक जण डावरा निघतो. लहानपणी हात बदलायला लावलेल्या डावऱ्यांचे मेंदू, ते मोठेपणी उजव्या हाताने लिहीत असताना स्कॅन केले गेले. 2002 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. इतकी वर्षं उजव्या हाताने लिहूनही त्यांच्या मेंदूचा उजवा भाग लिहिताना कामाला लागतच होता, जन्मतः उजव्या हाताच्या लोकांपेक्षा जास्त. मग एवढा छळ करून मिळवलं काय?

'डावरा म्हणजे उजव्या मेंदूचा, म्हणजे जन्मजात कलाकार' हेही तितकंच खोटं, आणि त्यावर क्लासवाले फिया उकळतात. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये पॅरिसला वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या बाजूची इजा दाखवली, म्हणजे बोलण्याचं काम डाव्या बाजूला चालतं. डावऱ्यांचं सगळं याच्या उलट असणार, असा समज पुढे बराच काळ टिकला. प्रत्यक्षात दहांतल्या सुमारे सात डावऱ्यांची भाषाही डाव्याच बाजूला असते. युटा विद्यापीठाने 2013 मध्ये हजारावर मेंदूंचे स्कॅन तपासले. डाव्या मेंदूची माणसं आणि उजव्या मेंदूची माणसं अशी विभागणी काही सापडली नाही. आपला सचिनच घ्या ना. फलंदाजी उजव्या हाताने, सही डाव्या हाताने!

शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. अशा मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागणार नाही. वहीची वरची कड थोडी उजवीकडे कलवून द्या, पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला सांगा. लिहिलेलं दिसतं आणि तळहाताची कड काळी होत नाही. शिरोरेघ ओढताना त्याला पेन्सिल ढकलावी लागते, त्यामुळे ती सुरुवातीला वाकडी येईल. तिचे मार्क कापू नका.