ज्यूस कमी केला, पण हात आखडला नाही

परवा फॅमिली ग्रुपवर मावसभावाने बातमी टाकली, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात १ जानेवारी २०२६ पासून फूड स्टॅम्पवर, म्हणजे गरिबांना किराण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीवर, सोडा आणि एनर्जी ड्रिंक बंद. खाली लिहिलंय, "बघा, अमेरिकेला पण कळलं, फुकट्यांचे लाड बंद करा, आपल्याकडे शाळेच्या खिचडीवर उधळपट्टी चालूच." वर सगळ्यांचे अंगठे. माझं डोकंच फिरलं.

दादा, तुला बंदी तेवढी दिसली. इथे अमेरिकेत लहान मुलांच्या पिण्यात खरा फरक पडला तो 'विक'मुळे (WIC), म्हणजे गरीब घरांतल्या गरोदर बायका आणि पाच वर्षांखालच्या पोरांच्या सरकारी स्कीममुळे. आधी मुलामागे महिन्याला २८८ औंस ज्यूस मिळायचा, साडेआठ लिटर! २००९ मध्ये तो १२८ वर आणला, तान्ह्यांचा पूर्ण बंद केला, आणि दोन वर्षांपुढच्यांना कमी फॅटचं दूध. नंतर दुकानातल्या बिलांवरून बघितलं तर या घरांतला ज्यूस पाव हिस्सा कमी झालेला, थोडा लोकांनी स्वतःच्या पैशाने आणला पण सगळा नाही. २०२४ च्या नियमात ६४ औंस, आणि ज्यूस नको असेल तर फळं-भाज्यांना तीन डॉलर. म्हणजे काढलं तिथे दुसरं काहीतरी दिलं.

आपल्याकडे? जानेवारी २०२५ ला शासनाने पोषण आहारातला अंड्यांचा आणि साखरेचा पैसाच काढून घेतला, हवं तर लोकसहभागातून करा म्हणे. मग नाचणी सत्त्वात साखर घालायला गुरुजींनी दारोदार वर्गणी मागायची का? यात उधळपट्टी कुठे दिसली तुला?

आणि आता सांगतेच. ह्यांचं पीएचडी चालू होतं, स्टायपेंडमध्ये भागत नव्हतं, तेव्हा आम्ही विकवर होतो. व्हाउचर घेऊन लाइनीत उभी राहायचे, बाटली चुकीच्या ब्रँडची निघाली की कॅशियर सुपरवायझरला हाक मारायची आणि मागचे लोक कार्ट दुसऱ्या लाइनीत वळवायचे. क्लिनिकमधल्या बाईंनी मात्र कधी तोंड वाकडं केलं नाही, सिपी कपवर बोट ठेवून दाखवलं, ज्यूस दिवसाला एवढाच, बाकी दूध नाहीतर पाणी. आईला मी फोनवर सगळं मजेत म्हणायचे, कारण आपल्या घरात अशा लोकांना काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. त्या फुकट्यांत तुझी भाची पण होती दादा. आज घर आहे, गाडी आहे, म्हणून तुम्ही मला तुमच्या बाजूची धरून फॉरवर्ड पाठवता, पण मी त्या बाजूची नाही.

गावच्या जिल्हा परिषद शाळेत अंडी बंद झालीत का तेवढं विचारून कळव. वर्गणी मी पाठवते, पण हे काम सरकारचं आहे आणि ते मी ग्रुपवर पण लिहिणार आहे.