डार्टमूरचा अव्वल कारकून

शिक्क्यासाठी आपल्याकडे माणूस जेवढा चालतो तेवढा वारीलाही चालत नसेल. या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून झेरॉक्सवाल्याकडे, परत पहिल्या खिडकीवर, आणि तोवर साहेब जेवायला. पण ते चालणं सक्तीचं. इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यात मात्र चांगली धडधाकट, शिकलीसवरलेली, पेन्शन वेळेवर मिळणारी माणसं रविवारी सकाळी बूट चढवतात, पावसाचिखलात मैलोन्‌मैल तंगडतोड करतात, कुठल्यातरी दगडाखाली हात घालून डबी काढतात, तिच्यातला रबरी शिक्का आपल्या वहीत उमटवतात, स्वतःचा शिक्का डबीतल्या वहीत उमटवतात, डबी होती तिथे ठेवतात आणि कृतकृत्य होऊन घरी येतात. त्या शिक्क्यावर ना दाखला मिळतो, ना रेशन. याला लेटरबॉक्सिंग म्हणतात.

आम्ही एक्सेटरला राहतो. डार्टमूर म्हणजे ९५४ चौरस किलोमीटरचं उघडंबोडकं पठार आमच्या अगदी उशाशी, पण मी ते गाडीच्या काचेतून पाहत आले होते आणि त्यात माझं काहीही अडलेलं नव्हतं. मग एका उन्हाळ्यात सासरे आले. अण्णा सातारा जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. आल्या आल्या त्यांनी आमची सगळी कागदपत्रं तारखेनिशी लावली. मग विजेच्या बिलांच्या बेरजा तपासल्या. त्यानंतर घरात तपासण्यासारखं काही उरेना, तेव्हा ते खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर मोठ्याने वाचू लागले. नवरा म्हणाला, "अण्णांना जरा बाहेर काढायला हवं." नवऱ्यांच्या अशा वाक्यांना कर्ता नसतो. तो आपण व्हायचं.

शेजारच्या आजीबाईंनी कुंपणावरून ही चर्चा ऐकली असावी. गुडघ्यांमुळे त्यांचं स्वतःचं भटकणं बंद झालेलं. त्यांनी आपल्या जुन्या वह्या आणून अण्णांच्या मांडीवर ठेवल्या. पानापानावर शिक्के: पोनीचा, दगडी पुलाचा, चर्चचा, मेंढीचा, धुक्यात हरवलेल्या माणसाचा. प्रत्येकाशेजारी तारीख. अण्णांनी चष्मा पुसला. दहा-बारा पानं शांतपणे उलटली. मग माझ्याकडे बघून आदराने म्हणाले, "खाडाखोड कुठेही नाही."

माझं भवितव्य तिथेच ठरलं.

आजीबाईंनी मग मूळपुराण सांगितलं. १८५४ साली चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने डार्टमूरच्या उत्तर भागात, क्रॅनमिअर पूल नावाच्या आडवळणाच्या जागी एक बाटली ठेवली. तिथवर पोचणं हीच मर्दुमकी, म्हणून पोचलेल्याने आपलं भेटकार्ड त्या बाटलीत टाकायचं. पुढे लोक स्वतःच्याच पत्त्याची पोस्टकार्डं तिथे ठेवू लागले. नंतर जो कोणी येईल त्याने ती उचलून टपालात टाकायची. म्हणजे स्वतःच स्वतःला पत्र लिहायचं आणि ते घरी कधी येणार हे पुढच्या वेड्याच्या तब्येतीवर. दुसरी पेटी बेलस्टोन टॉर नावाच्या टेकडीवर आली ती १८९४ साली, म्हणजे चाळीस वर्षं लोकांना एक पेटी पुरली. मग मात्र पेव फुटलं. १९९८ मध्ये स्मिथसोनियन मासिकात यावर लेख आला आणि अमेरिकेलाही लागण झाली. २००० साली उपग्रहाला वाट विचारत डब्या शोधणारं जिओकॅशिंग निघालं. त्याचा उल्लेख आजीबाई घरातून पळून गेलेल्या पुतण्याचा करावा तसा करतात.

तयारीला लागलो. वही, शाईचा पॅड, होकायंत्र, ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा (डार्टमूरचा ओएल २८, गाडीत उघडला तर परत घडी होत नाही) आणि स्वतःचा शिक्का. शिक्का विकत घेणं कमीपणाचं समजतात. खोडरबरावर कोरायचा. अण्णांना 'निवृत्त अव्वल कारकून' एवढा मजकूर हवा होता. खोडरबर दीड इंचाचा. घासाघीस करून मी त्यांना 'निवृत्त'वर आणलं, आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर कटर घेऊन बसले. अक्षरं उलटी कोरायची असतात. देवनागरीत शिरोरेखा बिचारी दोन्हीकडून सारखीच, पण ऱ्हस्व वेलांटी आरशात पाहिली की चक्क दीर्घ होते. मी ती उलटी कोरत असताना अण्णा पाठीमागून "दीर्घ झाली, दीर्घ झाली" म्हणून ओरडत होते. 'त्त'च्या दोन आडव्या रेघांमधला खोडरबर काढताना माझ्या अंगठ्याचं कातडं निघालं. ठसा उमटवून पाहिला. अण्णा म्हणाले, "शाई जरा डावीकडे कमी लागतेय," आणि पुढे त्यांचा शिक्का माझ्याकडे कधीच आला नाही. तो त्यांच्या खिशात, रुमालात गुंडाळून.

डबी कुठे आहे ते सांगणाऱ्या इथल्या खुणा कवितेसारख्या नसतात, हे एक बरं आहे. अमुक टॉर ३१० अंशांवर, टीव्हीचा मनोरा १९५ अंशांवर, एकट्या झाडापासून २७ पावलं, चपट्या दगडाखाली, मागच्या अंगाने. टॉर म्हणजे टेकडीच्या माथ्यावर उघडा पडलेला ग्रॅनाइटचा ढीग. मी ते कागदावरून वाचलं तेव्हा अण्णांचा चेहरा उजळला. "ही चतुःसीमा आहे," ते म्हणाले. "उतारा नीट लिहिलाय."

चतुःसीमा वाचणं निराळं आणि होकायंत्र धरून तिच्यात उभं राहणं निराळं. टॉर ३१० वर आणला की मनोरा २०३ वर जातो. मनोरा जागेवर आणायला सरकावं तर टॉर हलतो. तासभर मी गुडघाभर गवतात पुढे, मागे, तिरकी अशी नाचत होते. आसपासच्या पोनी चरायच्या थांबून बघत होत्या. अखेर दोन्ही आकडे जुळले तेव्हा झाड सापडलं, पण अण्णांनी मूलभूत हरकत घेतली: "सत्तावीस पावलं. कोणाची?"

प्रश्न रास्त होता. डबी ठेवणारा सहा फुटी इंग्रज असणार. माझी उंची पाच फूट एक इंच. अण्णांची त्याहून जेमतेम जास्त. मोजणीला साखळी लागते, हा त्यांचा मुद्दा. मी सत्तावीस ढांगा टाकल्या आणि जिथे थांबले तिथे चपटे दगडच दगड. टॉरखालच्या उतारावर असे धोंडे विखुरलेले असतात, त्याला क्लिटर म्हणतात. त्यातला प्रत्येक धोंडा चपटा आणि प्रत्येकाला मागचं अंग. आजीबाईंनी बजावलं होतं की हात घालण्याआधी काठीने चाचपायचं, इथे फुरशासारखा एक विषारी साप असतो. तेव्हा काठी, मग डोळे, मग हात. आणि हात नेहमी माझा. "तुझी बोटं बारीक आहेत, सूनबाई," असं अण्णा म्हणायचे.

डबी निघाली ती औषधाच्या गोळ्यांची, फिरकीच्या झाकणाची, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत. आत शिक्का आणि ओलसर झालेली चिटुकली वही. आता खरा अधिकारी जागा झाला. अण्णांनी खडकावर रुमाल अंथरला, वही वाऱ्याच्या उलट्या बाजूला धरायला मला उभं केलं. शिक्का पॅडवर दाबायचा नाही, टेकवायचा, दोनदा. मग तोंडाजवळ नेऊन "हाः" करून वाफ द्यायची. मग कागदावर सरळ ठेवून चारी कोपऱ्यांवर अंगठा फिरवायचा आणि एका कडेने उचलायचा. असा ठसा आजीबाईंच्या वह्यांतही नव्हता. छत्री घेतलेल्या मेंढीची लोकरसुद्धा उमटली.

तेवढ्यात खालून दोघं-तिघं येताना दिसले. रिवाज असा की डबी लपवायची आणि आपण सहज बसलोय असं दाखवायचं. अण्णांना असल्या प्रसंगांचा कचेरीतला दांडगा अनुभव असावा. ते डबीवर शाल टाकून बसले आणि थालीपीठ खाऊ लागले. मंडळी जवळ आली, थालीपीठाकडे नाही, अण्णांच्या बोटांकडे पाहिलं. बोटं जांभळी. तेही त्याच डबीला आलेले. मग वह्या निघाल्या, एकमेकांचे शिक्के घेतले गेले. 'निवृत्त' त्यांना चित्र वाटलं. दोरीवर वाळत घातलेले कपडे आहेत का, असं एकाने विचारलं. अण्णा त्यावर काही बोलले नाहीत, पण घरी येईपर्यंत गप्प होते.

शंभर पेट्या सापडल्या की '१०० क्लब'मध्ये जाता येतं. अण्णांना ही पदोन्नतीची यादी वाटली आणि शनिवार-रविवार माझे राहिले नाहीत. मुक्कामाची मुदत संपायच्या आत शंभर! डार्टमूरला डोंगर म्हणायला ते अजूनही तयार नव्हते. इथलं सर्वांत उंच टोक हाय विलहेज, ६२१ मीटर. "कळसूबाई सोळाशे शेहेचाळीस," एवढंच ते म्हणायचे. उंचीबद्दल मीही काही म्हणत नाही. पण कळसूबाईला पायाखाली जमीन असते. इथे सुंदर, पोपटी, मऊ शेवाळाचा तुकडा दिसला की समजायचं, खाली काही नाही. याला गावकरी फेदरबेड म्हणतात. माझा उजवा पाय त्या गादीत गुडघ्यापर्यंत गेला, बाहेर आला तो मोज्यासकट, बूट आतच. "जागा नकाशावर मांडून ठेव," अण्णा काठावरून म्हणाले.

मग त्यांना स्वतःची पेटी ठेवायची हुक्की आली. आजीबाईंनी नियम सांगितले: जुन्या दगडी रांगांत, थडग्यांत, भिंतींत, पडक्या घरांत ठेवायची नाही, खणायचं नाही, सिमेंट लावायचं नाही आणि जागेच्या मालकाची परवानगी हवी. डार्टमूरचा मोठा भाग डची ऑफ कॉर्नवॉलचा, म्हणजे युवराजाच्या जहागिरीचा. अण्णा ताठ बसले. "म्हणजे ना-हरकत दाखला राजवाड्याचा." अर्जाचा मसुदा त्यांनी त्याच रात्री केला, तीन प्रतींत. तो आमच्या फ्रिजवर आहे. मी अजून पाठवलेला नाही.

परत जाण्याआधी क्रॅनमिअर पूलला जायचंच होतं. तो भाग लष्कराच्या गोळीबाराच्या हद्दीत येतो. सराव असेल तेव्हा टेकड्यांवर लाल बावटे लागतात, म्हणून आधी वेळापत्रक बघायचं. बावटे नाहीत असा दिवस पाहून ओकहॅम्प्टनच्या बाजूने चालायला लागलो. गवताचे झुबके, मधून काळ्या पाण्याचे चर, वरून आडवा पाऊस. मी दर चराला बुटांची नाडी तपासत होते. अण्णा पुढे, पिशवीत पॅड.

पोचलो. एक खड्डा, काळी माती, थोडं गवत. तळं म्हणावं असं काही नाही. दंतकथा अशी की ओकहॅम्प्टनचा बेंजी गिअर नावाचा महापौर मेल्यावर भूत झाला. शिक्षा म्हणून त्याला हे तळं चाळणीने उपसायला बसवलं. त्याने चाळणीला मेंढीचं कातडं लावलं आणि उपसून मोकळा झाला. मी ही कथा वाऱ्याच्या वर आवाज काढून सांगितली.

"नगराध्यक्षाने तळं गिळलं," अण्णा म्हणाले, "यात भुताचं काय?"

ग्रॅनाइटची पेटी मात्र भक्कम होती. एका वर्तमानपत्राच्या पुढाकाराने १९३७ साली बांधलेली. अण्णांनी दार उघडलं, शिक्का पाहिला, पॅडवर दोनदा टेकवला, वाफ दिली, उमटवला. मग आतली अभ्यागतांची वही घेतली. लोकांनी लिहिलं होतं: फार सुंदर, फार वारा, चहा कुठे मिळेल. अण्णांनी माझ्या पाठीवर वही टेकवून, मला वाकवून उभं करून, झरझर लिहिलं. खाली 'निवृत्त' उमटवला. मी मान वळवून वाचलं.

"आज रोजी समक्ष स्थळपाहणी केली. पेटी सुस्थितीत आढळली. दरवाजा चालू. शाई अपुरी, पुरवठा व्हावा. तळे जागेवर आढळून आले नाही."